कपाटाचा चौविहार

आपल्या मासिकाची मागची पाने मी नेहमी आधी उघडते. पुण्यस्मरणाच्या चौकटी तिथे असतात. छायाचित्राखाली दोन-चार ओळी : धर्मपरायण, तपस्वी, सेवाभावी, कुटुंबवत्सल. मग तपस्येची यादी. वर्षीतप इतके, अठाई इतक्या, मासखमण एक. त्याखाली मुलगे, सुना, नातवंडे आणि सर्वांत शेवटी फर्मची नावे. या चौकटींना हसण्याचा माझा हेतू नाही. माझ्या आजीच्या स्मरणार्थ आमच्या घराने दिलेल्या चौकटीतही हेच शब्द होते आणि त्यांतला एकही खोटा नव्हता. मात्र ‘धर्मपरायण’ आणि ‘कुटुंबवत्सल’ हे दोन शब्द आपण मध्ये एक स्वल्पविराम देऊन इतक्या सहज शेजारी बसवतो, की जणू त्यांचे आपसांत कधी वाजतच नाही. व्यापारी घरात ते वाजते. माझ्या आजीच्या आयुष्यात ते दहा-अकरा वर्षे वाजत होते आणि घराबाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

आजीला आम्ही सारी नातवंडे ‘बाई’ म्हणत असू. माझे वडील आणि काका तिला बाई म्हणत, म्हणून आम्हीही. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर म्हणायचे) एका बाजारपेठेच्या गावी आमचे किराणा आणि भुसाराचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक अंधारी खोली, आणि त्या खोलीत धान्याच्या थप्प्या. आजोबा लवकर गेले. माझे वडील तेव्हा सतरा वर्षांचे, काका बारा. पुढची दहा वर्षे दुकानाच्या वह्या बाईंनी पडद्याआडून पाहिल्या, असे गावातली म्हातारी माणसे सांगत. पडद्याआडून हे अक्षरशः खरे. दुकान आणि घर यांच्या मधल्या दारावर जाड पडदा असे. त्याच्यामागे बसून त्या वडिलांना रक्कम वाचायला लावीत आणि बेरीज तोंडी सांगत.

वाचायला मात्र त्या उशिरा शिकल्या. आचार्य आनंदऋषीजी म. सा. याच जिल्ह्यातले, चिचोंडीचे. त्यांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले आणि आपल्या समाजातल्या कित्येक सासुरवाशिणींना हातात लेखणी धरण्याचे निमित्त त्या परीक्षांनी दिले. सुनेला शाळेत घालण्याची कल्पना ज्या घरांना पेलली नसती, त्या घरांनी धर्माच्या परीक्षेला ‘नाही’ म्हटले नाही. या गोष्टीवर कोणी तरी स्वतंत्रपणे लिहायला हवे. बाई दोन मुलांची आई झाल्यावर पहिल्या परीक्षेला बसल्या. शेजारी बारा वर्षांच्या मुली होत्या. त्या उत्तीर्ण झाल्या, पुढच्याही दोन परीक्षा दिल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या हाताशी एक वही आली ती अखेरपर्यंत सुटली नाही.

ती वही चौदा नियमांची. रोज सकाळी सामायिक झाली की त्या दिवसाची मर्यादा लिहायची : आज द्रव्ये अकरा, विगय दोन, वाहन नाही, दिशा गावाच्या शिवेपर्यंत. अकरा द्रव्ये म्हणजे दिवसभरात तोंडात जाणारे पदार्थ अकराच, त्यांत पाणीही एक. आम्हा मुलांना यात मोठी गंमत वाटे. जेवताना आम्ही मोठ्याने मोजत असू आणि बारावा पदार्थ मुद्दाम त्यांच्या ताटाजवळ नेत असू. त्या हसत, पण ताटावर हात आडवा धरीत. चातुर्मासात लिलोतीचा त्याग असे. मग घरात चार महिने गट्टे, मंगोडी, पापडाची भाजी आणि कढी आलटूनपालटून. आई कधी कधी कंटाळून जाई. बाईंनी तिच्यावर त्याग लादला नव्हता, पण एका चुलीवर दोन स्वयंपाक कोण करणार?

त्यांची एक गोष्ट मला फार नंतर कळली. संत-सती गावात आले की घरोघरी लगबग चाले. आमच्या घरात ती चालत नसे. म. सा. आले म्हणून बाईंनी एक फुलकाही जास्त लाटू दिला नाही. साधूंच्या उद्देशाने केलेला आहार साधूंना कल्पत नाही, तो घेतला तर त्यांना दोष लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण भक्तीच्या भरात आपण तिकडे काणाडोळा करतो. बाई म्हणत, “आपल्या भक्तीचा बोजा त्यांच्या पात्रात कशाला?” घरातल्यांसाठी केलेले असेल त्यातून द्यायचे आणि त्या दिवशी स्वतःच्या ताटात कमी घ्यायचे. धर्म म्हणजे आपल्याला किती मिळाले यापेक्षा आपण कुठे थांबलो याची नोंद, अशी काहीशी त्यांची समजूत असावी. त्यांनी ती शब्दांत कधी मांडली नाही. त्या वहीवरून मी मांडते आहे.

त्यांची आवडती कथा आनंद श्रावकाची. उपासकदशांग सूत्राचे पहिले अध्ययन. वाणिज्यग्रामचा हा गाथापती बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी : चार कोटी खजिन्यात, चार व्याजावर, चार घरसंसारात आणि मालमत्तेत. दहा-दहा हजार जनावरांची चार गोकुळे, पाचशे नांगर, परदेशच्या वाटेला पाचशे गाडे आणि स्थानिक वाहतुकीला पाचशे. भगवान महावीरांच्या समोर त्याने बारा व्रते घेतली ती हे सर्व टाकून नव्हे. ‘एवढे आहे, याच्यापुढे नाही’ असे म्हणून. मग तो एकेक वस्तू सांगत जातो : दातवण ओल्या ज्येष्ठमधाचेच, तूप शरद ऋतूतले गाईचेच. बाई ही यादी रंगवून सांगत. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना गाडे आणि व्याज समजते, म्हणून असेल, आम्हालाही ती कथा राजा-राणीच्या गोष्टीपेक्षा जवळची वाटे.

या व्रतांपैकी सातवे उपभोग-परिभोग परिमाणाचे. त्याच्याच अतिचारांत पंधरा कर्मादाने येतात. श्रावकाने जाणावीत पण आचरू नयेत अशी कामे आणि व्यापार. कोळसा पाडणे, जंगल तोडणे, गाडे भाड्याने देणे, जमीन फोडणे, हस्तिदंत, लाख, रस, केस यांचा व्यापार, घाण्याने पिळणे, वणवा लावणे, तळी आटवणे इत्यादी. प्रतिक्रमणात आपण सारे ही नावे म्हणतो. इतक्या वेगाने म्हणतो की एखादे नाव आपल्या घरात येऊन बसले तरी लक्षात येऊ नये. त्यांतले एक नाव विषवाणिज्य.

१९७२च्या दुष्काळाने आमचे दुकान बसवले होते. गावातली निम्मी माणसे खडी फोडायला जात होती, रेशनवर लाल मिलो मिळत होता, आणि आमच्या उधारीच्या वहीत नुसतीच नावे वाढत होती. बाईंनी त्या वर्षी एकाचीही उधारी बंद करू दिली नाही. त्याचे पुण्य किती ते केवली जाणोत. दुकानाचे भांडवल मात्र संपले. पुढची तीन वर्षे वडील आणि काका कर्जाचे व्याज भरीत होते. त्याच काळात संकरित ज्वारी आणि संकरित कपाशी शेतांत पसरली. बियाणे आले, रासायनिक खत आले, पाठीवरचा फवारणी पंप आला आणि त्याच्यासोबत ‘औषध’ आले. शेतकरी कीटकनाशकाला औषधच म्हणतो. काका तेव्हा तिशीचे, धडाडीचे. त्यांनी बी-बियाणे, खते आणि औषधे या तिन्हींची एजन्सी मिळवण्याचे ठरवले. कीटकनाशकाचा कायदा १९६८चा, नियम १९७१चे. परवाना लागतो आणि खाण्याच्या वस्तू असलेल्या इमारतीत ते डबे ठेवता येत नाहीत. म्हणून समोरच्या बाजूला एक गाळा बघून झाला. अर्ज भरून झाला. बाईंना सांगायचे तेवढे उरले होते.

तो प्रसंग घडला तेव्हा मी पाच-सहा वर्षांची. पुढे आईने तो मला इतक्या वेळा सांगितला की तो मला दिसतोच. बाईंनी सगळे ऐकून घेतले. बी चांगले, खतही चालेल, म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “पाक्षिक प्रतिक्रमणात मी पंधरा नावे म्हणते. त्यांतले ते एक नाव आता म्हणायचे की गाळायचे, तेवढे मला सांग.”

काकांनी उत्तर दिले ते काही फुसके नव्हते. ते म्हणाले, “बाई, मग आपण आज काय करतो? गूळ आणि तेल विकतो ते रसवाणिज्य. शेजारचा तेलाचा घाणा, ज्यात आपला हिस्सा आहे, ते यंत्रपीडन. दोन बैलगाड्या भाड्याने जातात, ते भाटककर्म. ज्याचे धान्य आपण घेतो तो शेतकरी जमीन फोडूनच पिकवतो. पंधरा नावे शब्दशः धरली तर उद्या दुकानाला कुलूप लावावे लागेल. आणि कीड मारली नाही तर पीक जाईल, पीक गेले तर माणूस मरेल. तो जीव नाही का?”

हा प्रश्न आजही कोणाला सहज सुटावा असा नाही. हे वाचणाऱ्या कित्येक घरांचे कृषी सेवा केंद्र असेल, त्यांच्याविषयी मी येथे निकाल द्यायला बसलेली नाही. बाईंनीही शास्त्रार्थ केला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “सगळे सुटत नाही म्हणून जे सुटते तेही धरून ठेवायचे का? आणि सरकारही सांगते, डाळ-तांदळाजवळ ते डबे नकोत. मग मी ते घराजवळ कसे येऊ देऊ?”

वडिलांनी बाईंची बाजू घेतली. काकांनी वर्षभर बी आणि खत विकून पाहिले. बियाण्याचे गिऱ्हाईक औषधासाठी दुसरीकडे जाई आणि पुढच्या हंगामात बियाणेही तिकडूनच घेई. ज्याच्याकडे तिन्ही गोष्टी, त्याच्याकडे शेतकरी. यात शेतकऱ्याचे काय चुकले? दुसऱ्या वर्षी काकांनी वाटणी मागितली. ती शांतपणे झाली. बाईंनी स्वतः वह्या समोर ठेवून निम्मे मोजले, कर्जाचा मोठा वाटा वडिलांकडे घातला आणि काकांना तालुक्याच्या गावी दुकान थाटायला आपल्या अंगावरची सोन्याची साखळी दिली. साखळी देताना त्यांनी अट घातली नाही. त्या साखळीच्या पैशांतून काय विकत घेतले जाणार हे त्यांना ठाऊक होते. व्रत आणि मुलगा यांच्या मध्ये उभी असलेली आई त्या दिवशी काय करीत होती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्हींपैकी एकाचाही हात तिने सोडला नाही, एवढेच मला दिसते.

काकांचे दुकान चालले. उत्तम चालले. बाई त्यांच्याकडे वर्षातून दोन-तीनदा जात, काकूंच्या बाळंतपणात तर सव्वा महिना राहिल्या. न्हाऊमाखू घालणे, डिंक-मेथीचे लाडू, बाळाची मालीश, सारे त्यांनी केले. मात्र त्या घरात असेपर्यंत त्यांची एकासना चाले. दिवसातून एकदा बसून जेवायचे, तेही चार-पाच द्रव्यांत. लोक म्हणत, केवढी तपस्या, नातवाच्या जन्माचा आनंद म्हणून बाईंनी तप मांडले! काकूंना मात्र संशय होता. गावी आमच्या घरी बाई सलग इतके दिवस एकासना करीत नाहीत, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तो संशय काकांना बोलून दाखवला नाही. या बाबतीत माझ्या काकूही बाईंच्याच सून.

मधल्या काळात आमच्या गावात एका घरी अनर्थ घडला. कपाशीवर मारायला आणलेले एंड्रीन घरातल्या तरुण सुनेने रात्री घेतले. डबा आमच्याकडचा असणे शक्यच नव्हते. काकांकडचाही नव्हता. बाई त्या घरी बसायला गेल्या, तिच्या लहान मुलीला आठ दिवस आमच्या घरी घेऊन आल्या. वडील एकदा काकांना म्हणायला गेले, “बाई म्हणत होत्या ते...” तेव्हा बाईंनी त्यांना तिथेच थांबवले. कोणाच्या मरणाचा उपयोग आपल्या म्हणण्याला पुरावा म्हणून करायचा नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढे १९९० मध्ये एंड्रीनवर देशात बंदी आली. तोवर खेड्यापाड्यांत ते नाव घराघरांत पोचले होते आणि ते काही केवळ किडीमुळे नव्हे.

मी दहावीत होते त्या वर्षीची संवत्सरी. काका दर संवत्सरीला सहकुटुंब गावी येत. वाटणी झाली तरी तो शिरस्ता मोडला नव्हता. बाईंची अठाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणे. पारण्याआधी घरातली सारी माणसे एकमेकांना खमाऊ लागली. लहानांनी मोठ्यांना नमस्कार करायचा, मिच्छा मि दुक्कडं म्हणायचे, वर्षानुवर्षांच्या सवयीने हे सारे भराभर होते. काका पुढे झाले. त्यांनी वाकण्याआधीच बाईंनी हात जोडले.

“तुझ्या घरी मी एकासना करीत होते,” त्या म्हणाल्या. “ती तपासाठी नव्हती. तुझे अन्न कमीत कमी घ्यावे म्हणून होती. लोक तप म्हणत राहिले आणि मी ते म्हणू दिले. तुझ्या ताटाला मी मनातून कमी लेखले. मला खमव.”

माजघरात कोणी बोलेना. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका तिथेच जमिनीवर बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “बाई, दुकान बंद करू का?”

मला वाटले, आता बाई ‘हो’ म्हणतील. दहा वर्षे ज्या एका शब्दाची वाट पाहिली तो समोर चालत आला होता. बाई म्हणाल्या, “माझ्या सांगण्यावरून नको. तुझे नोकर आहेत, मुले आहेत, तुला पटेल तेव्हा तू बघ. तू घरी चौविहार पाळतोस ना?”

“पाळतो.”

“मग त्या कपाटालाही चौविहार कर. सूर्य मावळला की कुलूप. दिवसा येणारा पिकासाठी येतो. रात्री कोण कशासाठी येतो, ते दुकानात बसून कळत नाही.”

काकांनी तिथल्या तिथे पच्चक्खाण घेतले. बाईंनी मुगाच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला. पुढच्या खेपेला त्या काकांकडे गेल्या तेव्हा दोन्ही वेळा जेवल्या. वहीत त्या दिवशीचे द्रव्य तेरा लिहिलेले आहे. ते पान मी पाहिले आहे.

काकांनी दुकान पुढे कधीच बंद केले नाही, हेही सांगायला हवे. बाईंना त्याचा सल राहिला असावा. पाक्षिक प्रतिक्रमणात त्या एका नावाशी त्यांचा आवाज किंचित थांबे, असे आई सांगे. कदाचित तो आईचाच भास असेल. आनंदऋषीजी म. सा. १९९२ मध्ये देवलोकी गेले तेव्हा बाई नगरपर्यंत अंत्यदर्शनाला जाऊन आल्या, आणि त्यानंतर दोन चातुर्मासांनी, एका सकाळच्या सामायिकेतच, वाळूची घडी उलटवण्याआधी गेल्या. बंद होणाऱ्या दुकानांनी तिरडीला वाट दिली. वडिलांच्या वह्यांत त्या दिवशी विक्रीचा आकडा नाही.

काकांचे दुकान आता माझा चुलतभाऊ पाहतो. बिले संगणकावर होतात, औषधांची नावे आणि कंपन्या पार बदलल्या आहेत, लोखंडी कपाटाच्या जागी काचेच्या दारांची लांबलचक मांडणी आली आहे. गेल्या पावसाळ्यात मी सहज तिथे टेकले होते. हंगाम ऐन भरात, दुकानात गर्दी. भावाने भिंतीवरच्या जैन पंचांगात सूर्यास्ताची वेळ पाहिली, आणि काम करणाऱ्या मुलाने न सांगता काचेची दारे ओढून कुलूप लावले. खत आणि बियाणे रात्री नऊपर्यंत चालू. एक शेतकरी सोयाबीनवरच्या अळीसाठी औषध मागायला आला. दूरचा असावा, त्याला दुकानाची रीत ठाऊक नव्हती. तो बराच रागावला. भावाने त्याला पाणी दिले, कोणती अळी, किती एकर, कधीपासून, सगळे विचारून एका चिठ्ठीवर लिहून घेतले आणि सकाळी सातला दुकान उघडते म्हणून सांगितले. तो म्हणाला, “हे काय नवीन?” माझ्या भावाने सांगितले, “नवीन नाही, आजीच्या वेळचे आहे.”